पाद्रीच्या पेटीतली साडी

फादर कुर्याकोस यांच्या झग्याच्या डाव्या खांद्यावर एक लांब केस सापडला. रेजिनबाईने तो दोन बोटांत धरून उन्हासमोर नेला आणि चांगला निरखून पाहिला. हातभर लांब, काळा, मुळाशी पांढरा होत आलेला. त्याला खोबरेल तेलाचा वास होता. फादरची दाढी लांब होती खरी, पण हातभर नव्हती.

रेजिनबाई वीस वर्षं अंबरनाथच्या साहेबांचे कपडे धूत आली होती. कोणत्या साहेबाच्या सदऱ्याला कोणत्या दुकानातल्या अत्तराचा वास येतो, कोणाची बाई माहेरी गेली की कोणाच्या उशीच्या अभ्र्यावर कुंकू उमटतं, हे तिला त्या त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. तोंडाने ती फारशी बोलत नसे, पण घमेल्यात पडलेला कपडा वाचल्याशिवाय तिने कधी पाण्यात घातला नाही. संशय हा तिच्या धंद्याचा भागच होता म्हणा ना, आणि धंद्याबाहेर तो कुठे ठेवावा हे तिला कधी कळलं नाही.

तिने तो केस कागदाच्या पुडीत बांधून कमरेला खोचला. मग झगा परत नाकाशी नेला. औषधासारखा, फिनेलसारखा काहीतरी वास होता. मुंबईला गाडीत कुठेतरी बसले असतील, असं म्हणून तिने तो वास सोडून दिला. नेमका तोच सोडून दिला.

गेली दोन वर्षं कारखान्याच्या चाळींमागच्या पत्र्याच्या चॅपलमध्ये फादर कुर्याकोस मिस्सा करत होते. काडेपेटीच्या नि लोखंडाच्या कारखान्यांत केरळातून आलेले बरेच फिटर, कारकून होते. त्यांच्यासाठी म्हणून ते आले. दाढीवाले, गोल काळी टोपी घालणारे, आणि त्यांची मिस्सा अशा भाषेत की ती लॅटिनही नव्हे नि मराठीही नव्हे. प्रसाद म्हणून फुगलेल्या भाकरीची कोम्युन्यांव द्यायचे. रेजिनबाईसारखे जुने ख्रिस्ती, ज्यांच्या सात पिढ्यांनी गुळगुळीत दाढीचा पाद्री नि पातळ कागदासारखी प्रसादाची ओस्ती सोडून काही पाहिलं नव्हतं, ते सुरुवातीला बिचकले. पण कल्याणचे म्हातारे पाद्री स्वतः येऊन सांगून गेले, की हेही आपलेच, पोपला मानणारे. दर रविवारी कल्याणला जाण्यापेक्षा हे बरं, म्हणून लोक येऊ लागले. रेजिनबाई फादरचे कपडे नि आल्ताराची, म्हणजे वेदीवरची वस्त्रं धुवू लागली.

आणि मग माघात तिचा नवरा बस्त्याव मेला.

बस्त्यावने एकोणीस वर्षं कन्फेसांव केलं नव्हतं, पाद्रीपुढे पापं कबूल केली नव्हती. त्याच्या धाकट्या भावाने विहिरीत जीव दिला, तेव्हाच्या पाद्रीने त्याला चर्चच्या मातीत जागा दिली नाही. त्या दिवसापासून बस्त्याव चर्चच्या पायरीवर थुंकून पुढे जायचा. त्याला अखेरचं लागलं तेव्हा कल्याणचे पाद्री आजारी होते, म्हणून फादर कुर्याकोस आले. रेजिनबाईला वाटलं, नवरा तांब्या फेकून मारील. पण फादरनी तिला बाहेर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि तासभर आतून फक्त हलका आवाज येत राहिला. दार उघडलं तेव्हा बस्त्यावचा चेहरा असा निवळला होता की तिला त्याची वरातीतली आठवण आली. पहाटे तो गेला. रेजिनबाई रडली, पण तिच्या काळजावरचा एकोणीस वर्षांचा धोंडा उतरला होता. नवरा क्षमा घेऊन गेला होता.

आता तो धोंडा त्या एका केसाला लटकून परत आला. कारण तिचा हिशोब सरळ होता. पाद्रीला बायको नसते. ज्याला बायको आहे त्याला बिशप पाद्री करत नाही. म्हणजे ज्याच्या खांद्यावर बाईचं डोकं टेकतं तो पाद्री नव्हेच, कोणीतरी सोंगाड्या. आणि सोंगाड्याने दिलेली क्षमा देवाच्या दारात कोण विचारतो? बस्त्याव तिथे उभा असेल, आणि त्याला आत घेणार नसतील.

एकदा नजर फिरली की सगळंच दिसू लागतं. फादर दर गुरुवारी मुंबईला जात. कशाला, ते कोणाला सांगत नसत. ते गावाहून आले की त्यांच्या जुन्या झग्यांच्या कॉलरी उलटून शिवलेल्या असत, काजांना नवी दोरा-भरणी असे. टाका इतका बारीक की शिंप्याचा नव्हे, पुरुषाचा तर नव्हेच. आईचा म्हणावा तर त्यांची आई कधीच वारली होती, त्यांनीच बस्त्यावच्या मातीच्या दिवशी तसं सांगितलं होतं.

सोमवारी कपडे न्यायला गेल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "फादर, तुमच्या झग्याचे काज कोण भरतं? हात लय चांगला हाय."

फादर चष्मा पुसत होते. ते पुसतच राहिले. "घर में भरतात," ते म्हणाले.

"घरात कोण हाय तुमच्या?"

"घरके लोग," फादर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं, की पेटीत वरच एक पांढरा झगा आहे, तोही ने, इस्टरला लागेल. मग ते जपमाळ घेऊन चॅपलमध्ये निघून गेले. खरा माणूस असा निघून जातो का? रेजिनबाईच्या मते नाही.

तिने पेटी उघडली. झगा वरच होता. तो घेऊन पेटी बंद करायची होती, पण तिने त्याखालची पंच्यांची घडी उचलली, त्याखालचं पुस्तक उचललं, आणि तळाला, मलमलीत गुंडाळलेली साडी निघाली. लोण्याच्या रंगाचं रेशीम, बोटभर जरीची किनार. घडीत वाळ्याच्या मुळ्या ठेवलेल्या. बाईमाणसाने जपून ठेवलेली, बाईमाणसाची साडी, पाद्रीच्या पेटीत.

रेजिनबाईला राग आला, भीती वाटली, आणि खोटं कशाला बोला, थोडा विजयही वाटला. तिने साडी पांढऱ्या झग्यात गुंडाळली, मळक्या कपड्यांच्या बोचक्यात घातली आणि बोचकं डोक्यावर घेऊन चालू लागली. चोरी करतेय असं तिच्या मनात आलं नाही. पुरावा नेतेय, असंच ती स्वतःला सांगत होती.

शेजारच्या मोतीबाईला तिने दार लावून सगळं सांगितलं. मोतीबाई आगरी, रोज खंडोबाला हळद वाहणारी. तिने साडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बायको असली तं काय बुडालं गो? आमच्या भटाला चार पोरा हायेत. त्याने लावलेली लग्ना काय मोडतात?"

"तुमचा भट वेगला, आमचा पाद्री वेगला. आमच्यात पाद्रीला बायको म्हंजे पापच."

"मंग देवाला एवढा पण नाय कलत का, कोणाचा नवरा कोण ते?" मोतीबाई हसली. "तू जा बाय त्यालाच विचार."

पण विचारलं तर तो खोटं सांगणार, हे रेजिनबाईने आधीच ठरवून टाकलं होतं. त्यापेक्षा कपड्याला विचारलेलं बरं. दुसऱ्या दिवशी ती चालत उल्हासनगरला, कँप पाचमध्ये टेकचंदकडे गेली. हा सिंधी कापडवाला फाळणीनंतर बराकीत दुकान मांडून बसला होता. ती त्याच्याकडून साहेबांच्या घरासाठी कापड नेत असे, आणि कापडातलं त्याला सगळं कळत असे.

टेकचंदने साडी गादीवर पसरली, चष्मा कपाळावर नेला, आणि पदराच्या काठाशी नख थांबवलं. "माई, ये शादी का कपडा है. पहनला पण एकच टाइम. इदर देख, धागे निकाले हैं. फटा नहीं, किसीने एक एक करके खींचा है." त्याने मोजले. "सात."

"कनाला? का काढले?"

"वो मेरेको क्या मालूम? तुम्हारे लोगों का रिवाज होगा." तो साडी घडी करू लागला, फार सावकाश, वाळ्याची मुळी परत जागच्या जागी ठेवत. "मेरी घरवाली का भी था ऐसा. सिंध में रह गया. जिसका है उसको दे दे, माई."

रेजिनबाईला त्याचं पहिलंच वाक्य ऐकू आलं. लग्नाचा कपडा. शेवटचं वाक्य ती दुकानातच ठेवून आली.

बुधवारी संध्याकाळी फादर स्वतः तिच्या दाराशी आले. असे ते कधी येत नसत. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. "रेजिनबाई, मेरी पेटी में एक कपडा होता. रेशीम. चुकून तुमच्या गठडीत आला का?"

पाठीमागे फळीवर, बस्त्यावच्या कोटाखाली, ती साडी होती. रेजिनबाईने फादरच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "नाय फादर. मी फक्त झगा नेला."

"अच्छा," फादर म्हणाले. "मग मैंनेच किदर तरी ठेवला असेल." त्यांनी मान हलवली आणि परत गेले. त्यांनी तिच्या मागे फळीकडे पाहिलंसुद्धा नाही, असं तिला वाटलं. एवढा भोळेपणा तिला आणखीच संशयाचा वाटला. ज्याचं काही हरवलंय तो माणूस इतक्या सहज विश्वास ठेवील का?

गुरुवारी ती साडी घेऊन कल्याणला गेली. म्हातारे पाद्री व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. तिने केसाची पुडी सोडली, साडी पसरली, काजांचं सांगितलं, गुरुवारच्या मुंबईच्या वाऱ्या सांगितल्या. शेवटी ती मुद्द्यावर आली. "मना बाकी काय नको, फादर. माजा बस्त्याव सुटला का अडकला, तेवढा सांगा."

म्हाताऱ्या पाद्रींनी डोळे मिटले.

"सुटला," ते म्हणाले. "कुर्याकोस पाद्री आहेत. माझ्याइतकेच. आणि त्यांना बायकोही आहे."

रेजिनबाईने केसाची पुडी परत मिटली.

त्यांनी तिला सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. केरळात ख्रिस्ती लोकांचे जुने पंथ आहेत. त्यातल्या एका पंथात आधी लग्न झालेल्या माणसाला पाद्री होता येतं. पाद्री झाल्यावर मात्र लग्न करता येत नाही. वीसएक वर्षांपूर्वी त्या पंथातले काही बिशप नि त्यांचे लोक आपल्यात आले, तेव्हा रोमने त्यांची रीत तशीच ठेवली. कुर्याकोस तेव्हाच आले, बायकोसकट. बिशपला ठाऊक आहे, पोपला ठाऊक आहे.

"मग आमाला का नाय सांगितलं?"

"मीच त्यांना म्हटलं, इथे बोलू नका, बायकोला आणू नका. इथले लोक समजायचे नाहीत." म्हाताऱ्या पाद्रींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "त्यांनी माझं ऐकलं. दोन वर्षं बायको तिकडे, हे इकडे. आता ती आजारी आहे. पोटात गाठ. पौषात मुंबईच्या इस्पितळात आणलीय. गुरुवारी ते तिलाच बघायला जातात."

फिनेलचा वास. रेजिनबाईच्या नाकात तो वास परत आला, अगदी ताजा. गाडीतला नव्हता तो. इस्पितळातला होता. आणि केस खांद्यावर कसा आला असेल, हेही तिला त्याच क्षणी दिसलं. उठून बसवताना दुखणाईत बाईचं डोकं दुसरीकडे कुठे टेकणार?

"आणि ही साडी?" पाद्रींनी विचारलं. "ही तुला त्यांनी दिली?"

"पेटीतून घेतली."

"त्यांनी विचारली नाही?"

"विचारली. मी नाय म्हटलं."

म्हाताऱ्या पाद्रींनी पदराचा तो काठ हातात घेतला, जिथे धागे नव्हते. "लग्नात नवरा ही साडी बायकोच्या डोक्यावरून घालतो. हिच्यातलेच सात धागे काढून त्यांत मंगळसूत्र ओवतात. मग साडी आयुष्यभर ठेवून देतात. ती परत एकदाच वापरायची असते, बाई गेली की तिच्या अंगावर." त्यांनी साडी तिच्या ओंजळीत ठेवली. "जा. धावत जा."

ती धावली. पन्नाशीची बाई, पायात वहाणा नाहीत, साडी छातीशी धरलेली. अंबरनाथला उतरली तेव्हा उन्हं कलली होती. चॅपलमागच्या खोलीला कुलूप होतं. ओट्यावर वर्की फिटर बसला होता. फादरच्या गावचा, रोज संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवणारा.

"तार आली," वर्की म्हणाला. "सकाळी. फादरची..." तो अडखळला. इथे तो शब्द बोलायचा नसतो, हे त्यालाही कोणीतरी बजावलं असणार. "त्यांच्या घरची बाई गेली. एलियाम्मा."

"कुटं नेली? मना सांग, मी जाते."

"मालूम नहीं. मुंबईत कितीतरी कब्रस्तान आहेत, बाई. आजच माती देणार बोलले." वर्कीने कुलपाकडे पाहिलं. "जाताना सगळी पेटी उलटी केली. पलंग हलवला, पुस्तकं काढली. काहीतरी शोधत होते, सांगत नव्हते. गाडीची वेळ झाली. मग तुम्ही इस्त्री करून दिलेला तो नवा पांढरा झगा होता ना, इस्टरचा, तोच घेतला नि गेले. बोलले, मग हाच घालतो तिला."

रेजिनबाई ओट्यावर बसली. तो झगा तिने मंगळवारी खळ घालून कडक करून बुधवारी सकाळी पोचवला होता. कॉलर दोनदा घासली होती, फादरवर राग होता म्हणून जास्तच. आता तो झगा मुंबईत कुठल्या तरी मातीत, जिने त्याचे काज भरले होते तिच्या अंगावर होता. आणि जे तिच्या अंगावर असायला हवं होतं ते रेजिनबाईच्या मांडीवर होतं. वर्कीने साडी पाहिली. त्याच्या गावची रीत त्याला ठाऊक होती. तो उठून चालता झाला, आणि त्यानंतर वर्षभर तो रेजिनबाईशी बोलला नाही.

फादर रविवारी परतले. मिस्सा नेहमीसारखी केली. जुना झगा, उलटी कॉलर. लोकांपैकी कोणाला काही कळलं नाही, कारण कोणाला काही सांगायचं नव्हतं. बायको मेलेल्या माणसाला भेटायला लोक येतात, चटईवर बसतात, दोन वेळचं जेवण आणतात. फादरकडे कोणी आलं नाही. वर्की सोडला तर त्यांना बायको होती, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. रेजिनबाई मागच्या बाकावर बसून हे बघत होती आणि तिला आतून सोलल्यासारखं होत होतं.

शनिवारी दुपारी फादर कन्फेसांव ऐकायला बसत. चॅपलमध्ये कबुलीसाठीचं लाकडी खोपटं नव्हतं. वेताचा एक पडदा होता, त्याच्या एका बाजूला फादर आणि दुसऱ्या बाजूला गुडघे टेकायला पोतं. कल्याणला जाता आलं असतं. म्हातारे पाद्री तिला ओळखत होते, अर्धं काम तिथे आधीच झालं होतं. पण ती इथेच आली. साडी तिने पोटाशी, पदराखाली धरली होती.

तिने सगळं सांगितलं. केस, पेटी, टेकचंद, कल्याण. "तुमी दाराशी आलात तवा साडी माज्या पाठीमागं होती," ती म्हणाली. "मी तुमाला खोटा पाद्री समजले. बस्त्याव अडकला, असा वाटला मना."

पडद्यापलीकडे जपमाळेचे मणी थांबले. आता हा माणूस उठून जाईल, किंवा मला हाकलून देईल, असं तिला वाटलं. हाकलून दिलेलं बरं, असंही वाटलं.

"मला दिसली होती," फादर म्हणाले. "कोटाच्या खाली. किनार दिसत होती. तू नाही बोललीस, तो लगा मेरी नजर चुकली, म्हणून पेटी परत उलटी केली."

रेजिनबाई पोत्यावरून अर्धी उठली. "मग मागितली का नाय?"

"मागतो तर बोलना पडता, किसकी आहे." फादरचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मैंने वचन दिलं होतं, नहीं बोलूंगा. तीस साल की बायको, रेजिनबाई. मी तिचं नाव घेतलं नाही. साडी तू ठेवली, पण नाव मी ठेवलं लपवून. मोठं पाप किसका, सांग."

पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोघं रडत होती, आवाज न करता.

मग फादरनी त्यांच्या भाषेत क्षमेचे शब्द म्हटले. रेजिनबाईला एकही शब्द कळला नाही. बस्त्यावलाही कळला नसणार. तरी त्याचा चेहरा निवळला होता.

तिने पदराखालची साडी काढून पडद्याच्या कडेने पुढे केली. फादरनी ती घेतली नाही, फक्त काठावर हात ठेवला.

"तुझं प्रायश्चित्त," ते म्हणाले. "ही तू सांभाळ. दर साल धू, उन्हात घाल. मी मेलो की माझ्या अंगावर टाक. तिच्या अंगावर माझं आहे, माझ्या अंगावर तिचं. और छुपाके नहीं. सबके सामने."

रेजिनबाई "हो" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने काही न विचारता कोणाला हो म्हटलं होतं.

घरी येऊन तिने कोमट पाण्यात रिठे भिजवले. साडी हलक्या हाताने धुतली, न पिळता निथळू दिली, आणि नेहमीच्या परसातल्या दोरीवर न टाकता चॅपलसमोरच्या मैदानात, दोन खांबांच्या मधोमध वाळत घातली. कारखान्याची पाळी सुटली होती. माणसं घोळक्याने येत होती, लोण्याच्या रंगाचं रेशीम आणि ती जरीची किनार बघून थांबत होती. मोतीबाई नळावरून हंडा घेऊन येत होती, तीही थांबली. ही साडी तिने आधी पाहिली होती, पण हा सवाल चारचौघांत व्हायला हवा, हे ती शहाणी बाई ओळखून होती.

"कोणाची गो ही साडी?" तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

रेजिनबाईने पदराचा काठ सरळ केला, जिथे सात धागे नव्हते तिथला.

"फादरच्या बायकोची," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "एलियाम्माची. गेल्या आठवड्यात वारली. ज्याला भेटायला जायचा हाय त्याने जा, फादर घरातच हायेत."